मोटर कुणाचं ऐकते?

आज पाण्याच्या मोटरविषयी बोलायचं आहे. मोटर म्हटलं की तुम्ही म्हणाल, हा पुरुषमंडळींचा विषय. आम्हीही तसंच म्हणत होतो, वैशाखातल्या त्या आठ दिवसांपर्यंत.

आमचं गाव मावळातलं. नदी डोळ्यांना दिसते, पण पाणी चढावर आणावं लागतं. नदीकाठी विहीर, विहिरीवर साडेसात एचपीची मोटर, तिथून पाइप वर टाकीला, आणि टाकीतून वाड्यावस्त्यांना नळ. पाणीपट्टी गोळा करायची आणि मोटरीकडे बघायचं काम ग्रामपंचायतीने आमच्या बचत गटाकडे दिलेलं. मोटर चालू-बंद करणाऱ्या मावशी आमच्याच गटातल्या. पूर्वी त्यांना दिवसातून दोनदा नदीवर उतरावं लागायचं. पावसाळ्यात ती वाट म्हणजे नुसता शेवाळ. मग एका ठेकेदाराने सिमकार्डवाला स्टार्टर बसवून दिला. घरून मोबाईलवर मेसेज केला की मोटर चालू, दुसरा मेसेज केला की बंद. मावशींच्या गुडघ्यांना आराम पडला. त्या सोयीविषयी आमची आजही तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एके दिवशी सकाळी नळाला पाणी नाही. मावशींनी मेसेज केला, उत्तर आलं नाही. खाली जाऊन बघतात तर विहीर तळाला गेलेली आणि मोटरीला जळका वास. रात्रभर मोटर चालली होती. आधी टाकी भरून वाहिली असणार, कारण टाकीखालची माती खरवडून निघाली होती. मग विहीर आटली, मोटर कोरडी फिरत राहिली आणि वाइंडिंग जळालं. कोरडी चालली तर आपोआप बंद पडायची सोय त्या स्टार्टरमध्ये होती म्हणे, पण बसवताना ती कुणी चालूच केली नव्हती.

वाइंडिंगला साडेनऊ हजार गेले. मोटर पुण्याला जाऊन परत यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत डोक्यावर हंडे आले, दोन घरची लग्नं टँकरवर उरकली. पण खरं सांगायचं तर पाण्यापेक्षा वाईट होतं ते मावशींचं. सगळ्या गावाने एकच निकाल दिला: मोटर चालू ठेवून बाई झोपली. ग्रामसभेत एकाने उभं राहून सांगितलं, नुकसान हिच्या मानधनातून कापा. मावशी शपथेवर सांगत होत्या, मी नवाच्या आत बंद केली. पण दाखवणार काय? त्यांच्या जुन्या फोनमधले मेसेज भरले की आपोआप पुसले जायचे. आणि स्टार्टर तर बोलत नाही.

आम्हीसुद्धा, कबूल करायला हवं, दोन दिवस मनातून मावशींनाच दोषी धरत होतो.

आमच्यातल्या एकीची लेक आयटीआय झालेली आहे. तळेगावच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीला असते. रविवारी घरी आली, तिने हा प्रकार ऐकला आणि म्हणाली, "चला, मला पेटी दाखवा." मोटर नुकतीच परत बसवली होती. तिने पेटीचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, ठेकेदाराच्या माणसाने सगळ्यांच्या सोयीसाठी म्हणून, काळ्या मार्करने दोन ओळी लिहून ठेवलेल्या: वर सिमचा नंबर, खाली १२३४. पेटीला कुलूप नव्हतंच, तारेचा एक आकडा होता.

तिने आम्हाला उभं केलं आणि स्वतःच्या फोनवरून त्या नंबरला मेसेज केला. तिचा नंबर त्या यंत्राला कधी दिलेलाही नव्हता. चार सेकंद झाले असतील. खटका पडला आणि मोटर सुरू झाली.

मावशी मटकन खालीच बसल्या. त्यांना रडू आलं, ते दुःखाचं नव्हतं.

"मावशी, हे यंत्र तुमचं ऐकत नाही," ती म्हणाली. "ज्याला १२३४ येतं त्याचं ऐकतं."

त्या रात्री मेसेज कुणी केला, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. नदीवर पोहायला येणारी पोरं असतील, बाहेरून आलेले असतील, कुणी मुद्दाम केलं असेल. ठाऊक करून घ्यायला जागाच नव्हती, कारण यंत्राने नाव विचारलंच नव्हतं. एवढंच कळलं की असं कुणीही करू शकत होतं. तेवढ्यावर पुढच्या ग्रामसभेत मावशींवरचा ठपका निघाला.

आता हा रोग काय आहे, ते आपल्या ओळखीच्या गोष्टीतून सांगतो. आपल्यातल्या कितीतरी जणी लोणावळ्या-खंडाळ्याच्या बंगल्यांवर कामाला जातात. शनिवार-रविवारी पाहुणे येतात, सोमवारी बंगला रिकामा. अशा एखाद्या बंगल्याच्या फाटकाला आकड्यांचं कुलूप असतं. मालक मुंबईला. आलेल्या पाहुण्याला फोनवरून आकडा सांगितला जातो. तीन वर्षं तोच आकडा. म्हणजे तीन वर्षांत जे जे येऊन गेले, त्या प्रत्येकाच्या खिशात त्या फाटकाची किल्ली आहे. कुलूप दिसतं भक्कम, मोडलेलं नाही, गंजलेलं नाही. तरी ते असून नसल्यासारखंच. आणि एखाद्या दिवशी आतला टीव्ही गेला तर पहिला संशय कुणावर? रोज झाडू मारायला येणाऱ्या बाईवर. तुम्ही हसाल, पण ज्यांनी भोगलंय त्यांना हसू येणार नाही.

कारखान्यातली, पाणीपुरवठ्यातली, वीज केंद्रातली यंत्रं आजकाल लहान संगणकांवर चालतात. त्याला पीएलसी म्हणतात. मोटर कधी लावायची, झडप किती उघडायची, दाब किती ठेवायचा, हे त्याच्या पोटात लिहिलेलं असतं. ही यंत्रं पहिल्यांदा बनली तेव्हा कारखान्याच्या चार भिंतींच्या आत असायची. हुकूम देणारा समोरच उभा असायचा, म्हणून "तू कोण?" असं विचारायची गरज कुणाला वाटली नाही. मग त्यांना इंटरनेट जोडलं, सिमकार्ड टाकलं. भिंती गेल्या, आणि विचारायची सवय मात्र लागलीच नाही. आमच्या स्टार्टरचं झालं तेच.

हे फक्त मावळात झालं असतं तर आम्ही रेडिओवर येऊन सांगितलं नसतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात अलिक्विपा नावाचं छोटं शहर आहे. २५ नोव्हेंबर २०२३ ला तिथल्या पाणीपुरवठ्याच्या एका पंपघरात धोक्याची घंटा वाजली. शेजारच्या दोन वस्त्यांना पाण्याचा दाब पुरवणारं ते पंपघर. माणसं गेली तर यंत्राच्या पडद्यावर संदेश झळकत होता: तुम्हाला हॅक केलं आहे, इस्रायलमध्ये बनलेलं प्रत्येक यंत्र आमचं लक्ष्य आहे. ते यंत्र युनिट्रॉनिक्स नावाच्या इस्रायली कंपनीचं होतं. हल्लेखोरांचा गट इराणच्या लष्कराशी जोडलेला असल्याचं अमेरिकेच्या सरकारने सांगितलं. म्हणजे भांडण कुठल्या दोन देशांचं, आणि फटका कुणाला, तर त्या गावच्या नळाला.

तिथल्या माणसांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. आपोआप चालणारी यंत्रणा सोडून त्यांनी पंप हाताने चालवायला घेतले. लोकांचं पाणी थांबलं नाही. हाताने चालवायची रीत त्यांना येत होती म्हणून हे झालं, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच सुमारास, डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीला, आयर्लंड देशात मेयो परगण्यातल्या एका गावच्या पाणी योजनेवर हाच प्रसंग आला. तिथे तर आपल्यासारखीच पद्धत: गावकऱ्यांनी एकत्र येऊन चालवलेली योजना. दीडशेच्या वर घरांना दोन दिवस पाणी नव्हतं. थंडीचे दिवस होते. आम्ही हे वाचलं तेव्हा आमच्या मनात पहिला प्रश्न आला, तिथल्या पंपवाल्याला गाव काय म्हणालं असेल?

आणि आत शिरायला त्या हल्लेखोरांनी काय मोठी विद्या वापरली? त्या यंत्रांना कारखान्यातून येताना एकच पासवर्ड दिलेला असे: ११११. चार वेळा एक. ज्यांनी यंत्र बसवलं त्यांनी तो बदलला नव्हता, आणि यंत्र थेट इंटरनेटला जोडलेलं होतं. ज्याला कंपनीची माहितीपुस्तिका वाचता येते त्याला आत येता येत होतं. आमचं १२३४ आणि त्यांचं ११११, सख्ख्या बहिणी.

या गोष्टीची दुरुस्ती कशी झाली, ते नीट सांगण्यासारखं आहे. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा खात्याने १ डिसेंबर २०२३ ला सगळ्यांना सूचना काढली. ११११ बदला. यंत्र उघड्या इंटरनेटवरून काढा. दुरून चालवायचंच असेल तर मध्ये पहारेकरी बसवा, म्हणजे आधी त्या पहारेकऱ्याकडे ओळख पटवायची आणि मगच यंत्रापर्यंत जायचं. ती ओळखही एका पासवर्डवर नको, सोबत फोनवर येणारा आकडा असं काही दुसरं हवं. आपण बँकेतून पैसे पाठवताना ओटीपी येतो ना, तसं. शिवाय यंत्राच्या पोटातल्या कामाची एक प्रत वेगळी जपून ठेवा, म्हणजे कुणी बिघडवलं तरी परत भरता येईल.

ही झाली मलमपट्टी. सूचना कितीही चांगली असली तरी ती ऐकणाऱ्यावर अवलंबून. हजार ठिकाणी यंत्रं, प्रत्येक ठिकाणी बदलणारा माणूस वेगळा, कुणी सुट्टीवर, कुणी नोकरी सोडून गेलेला. खरी दुरुस्ती त्याच डिसेंबरात झाली, जेव्हा कंपनीने आपलं सॉफ्टवेअरच बदललं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये कारखान्याचा पासवर्ड बदलणं सक्तीचं केलं, आणि पासवर्ड नसलेल्या किंवा जुनाच पासवर्ड असलेल्या यंत्राला बाहेरून जोडणी मिळेना. आधी विसरलं की दार उघडं राहायचं, आता विसरलं की दार बंद राहतं. आम्हाला विचाराल तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. दहा रुपयांचं कुलूपसुद्धा दुकानदार प्रत्येकाला वेगळ्या किल्लीचं देतो. लाखो रुपयांच्या यंत्राला सगळ्यांना एकच किल्ली देऊन वर "तुम्ही बदलली का नाही?" असं गावाला विचारायचं, हा काही न्याय नाही. आमच्या ठेकेदारानेही हेच विचारलं होतं. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं म्हणे. ती पुस्तिका इंग्रजीत होती आणि त्याच्याच ऑफिसात होती.

कधीकधी मात्र किल्ली बदलताच येत नाही, असाही प्रकार होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये रॉकवेल ऑटोमेशन या मोठ्या अमेरिकन कंपनीच्या लॉजिक्स नावाच्या पीएलसींमध्ये एक दोष जाहीर झाला. यंत्रात बदल करणारा संगणक खरा आहे की तोतया, हे ओळखायला एक गुप्त किल्ली वापरलेली होती. किल्ली गुप्त होती, पण सगळीकडे एकच होती, आणि इंजिनिअर वापरतात त्या सॉफ्टवेअरच्या पोटातच दडवलेली होती. एकदा कुणी ती शोधून काढली की तो जगातल्या अशा कुठल्याही यंत्राला "मीच तुझा इंजिनिअर" म्हणून सांगू शकत होता. दोषाची तीव्रता मोजतात त्यात त्याला दहापैकी दहा गुण मिळाले. परीक्षेत मुलांना मिळावेत, इथे नकोत!

यावर उपाय काय काढला? कंपनीने सांगितलेल्या उपायांत एक अगदी जुन्या पद्धतीचा होता. या पीएलसीवर हाताने फिरवायची एक खरीखुरी किल्ली असते. ती 'रन'वर ठेवली की यंत्र आपलं ठरलेलं काम करत राहतं, पण दुरून कुणी त्याच्या पोटातलं काम बदलू म्हटलं तर बदलू देत नाही. 'रिमोट'वर ठेवली की दुरून बदलता येतं. तळेगावची लेक म्हणाली, कारखान्यात ही किल्ली सोयीसाठी रिमोटवरच ठेवायची सवय पडते, कारण प्रत्येक वेळी मशीनपाशी चालत कोण जाणार? तुमच्या घरातलं कुणी चाकणला, तळेगावला यंत्रावर असेल तर रात्री जेवताना विचारून बघा, तुमची किल्ली कशावर असते. निदान गप्पांना नवा विषय मिळेल.

आता आपल्या उशाशी असलेल्या यंत्रांकडे वळू. लोणावळ्याच्या वलवण धरणाची पायाभरणी १९११ साली झाली. वलवण, शिरोता आणि लोणावळ्याच्या तलावांचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीला जातं आणि तिथे १९१५ पासून वीज होते. आपल्या अंदर मावळातल्या ठोकळवाडीचं पाणी भिवपुरीला जातं, तिथलं वीज केंद्र १९२२ चं. मुळशीचं पाणी भिऱ्याला, ते १९२७ चं. टाटांची ही तिन्ही केंद्रं मिळून साडेचारशे मेगावॅटच्या आसपास वीज करतात आणि ती जाते मुंबईला. त्या पाण्याखाली कुणाकुणाची शेतं गेली, तो वेगळ्या दिवसाचा विषय आहे. आज एवढंच सांगायचं की मुंबईचा दिवा आणि आपलं तळं एकाच तारेला बांधलेलं आहे.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ती तार तुटली म्हणा ना. मुंबई आणि ठाणे परिसराची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, करोनाचे दिवस असल्याने दवाखान्यांचा जीव टांगणीला, विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. वीज परत आणताना टाटांच्या ट्रॉम्बे केंद्राबरोबर ही आपल्या पाण्यावरची तीन केंद्रं कामाला लागली. पाण्याच्या केंद्राची खुबी अशी की झडप उघडली की थोड्या वेळात वीज सुरू होते, कोळशासारखं तापत बसावं लागत नाही.

वीज गेली कशाने, यावर पुढे वाद झाला. मार्च २०२१ मध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन सांगितलं की यामागे सायबर घातपात असण्याची शक्यता आहे. दुसऱ्याच दिवशी केंद्राचे तेव्हाचे ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी सांगितलं की ही माणसाची चूक होती, सायबर हल्ला नव्हे. आम्ही काही त्यातले तज्ज्ञ नाही, निकाल देणं आमचं काम नाही. पण "माणसाची चूक" हे शब्द ऐकले की आम्हाला आमच्या मावशी आठवतात. असा शब्द उच्चारला की कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी पाळीवर बसलेल्या एका माणसावर बोट जातं. ते बोट बरोबर असेल किंवा चूक असेल. ते ठरवायचं तर यंत्राच्या वहीत लिहिलेलं हवं: अमक्या वेळी, अमक्या ओळखीने, अमका हुकूम आला. ओळख विचारणं चोरासाठी असतंच, पण ते चोर नसलेल्या माणसाच्या बचावासाठीही असतं. आम्हाला ही गोष्ट वाइंडिंग जळाल्यावर समजली.

पुढे १४ ऑक्टोबर २०२२ ला टाटा पॉवर कंपनीने शेअर बाजाराला कळवलं की त्यांच्या संगणक यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आहे, पण कामकाजाच्या महत्त्वाच्या यंत्रणा सुरू आहेत. ऑफिसचे संगणक वेगळे आणि यंत्रं चालवणारे संगणक वेगळे, मध्ये भिंत, अशी मांडणी मोठ्या कंपन्या करतात ती अशाच दिवसासाठी. आपल्याकडेही असतं की असं. दुकानाचा गल्ला वेगळा, घरातलं कपाट वेगळं. एकाची किल्ली हरवली म्हणून दुसरं उघडत नाही.

आता आमच्या गावात आम्ही काय केलं, ते सांगतो. खर्च फार नाही आला. पहिलं म्हणजे पेटीच्या दारावरचं लिखाण रॉकेलने पुसलं आणि पेटीला कुलूप लावलं. १२३४ च्या जागी नवा आकडा टाकला. तो कुणाचा वाढदिवस नाही, गाडीचा नंबर नाही, गावाचा पिनकोड नाही. मग स्टार्टरमध्ये एक सोय सापडली, की ठरावीक मोबाईल नंबरवरूनच हुकूम घ्यायचा. ती चालू केली आणि तीन नंबर नोंदवले: मावशींचा, गटाच्या सचिवांचा आणि ग्रामपंचायतीच्या शिपायाचा. ठेकेदाराचा नंबर आत होताच, तो काढला.

ठेकेदाराचा नंबर काढायचा म्हटल्यावर आमच्यातच वाद झाला. बिघाड झाला तर त्याला दुरून बघता येतं, राहू द्या की, असं काही जणी म्हणाल्या. तेव्हा लेकीने ऑस्ट्रेलियातली मारूची भागाची गोष्ट सांगितली. २००० साली तिथल्या सांडपाण्याच्या यंत्रणेत पंप आपोआप बंद पडायचे, घंटा वाजायच्या नाहीत, आणि सुमारे आठ लाख लिटर मैला बागांत आणि ओढ्यांत वाहून गेला. महिनोन्‌महिने सगळ्यांना वाटलं यंत्रणाच खराब आहे. शेवटी सापडला तो ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेला माणूस. पालिकेने नोकरी दिली नाही म्हणून तो गाडीत बसून रेडिओवरून पंपांना हुकूम देत फिरायचा. त्याला शिक्षा झाली. आमचा ठेकेदार तसा नाही, चहा पिऊन जाणारा माणूस आहे. पण त्याच्याकडे दर वर्षी नवी पोरं कामाला असतात, आणि आकडा त्या सगळ्यांकडे जातो. आता तो आला की मावशी स्वतः आकडा घालतात, काम झालं की त्याच दिवशी बदलतात.

नंबर नोंदवले म्हणजे सगळं झालं, असंही नाही. फोन चोरीला जातो, सिम दुसऱ्याच्या हाती जातं, आणि दुसऱ्याचा नंबर दाखवून फोन करायच्या युक्त्याही चोरांना येतात. म्हणून नंबर आणि आकडा दोन्ही लागतील असं ठेवलं आहे. मध्यंतरी शिपायाचा फोन एकविरेच्या यात्रेत हरवला. आमच्या लक्षात यायला चार दिवस गेले, कारण त्याने बायकोच्या भीतीने सांगितलंच नव्हतं. चार दिवस आमच्या मोटरीची एक किल्ली कार्ल्याच्या गर्दीत फिरत होती. आता ठरलंय की फोन हरवला तर आधी मावशींना कळवायचं, घरी मग सांगायचं.

कोरडी चालली तर बंद पडायची सोय चालू करून घेतली. ती चालते की नाही हे बघायला चोखणाऱ्या पाइपची झडप मुद्दाम बंद करून मोटर लावली. काही सेकंदांत बंद पडली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे मात्र जाणकार माणूस सोबत असल्याशिवाय करू नका. आणि अलिक्विपाची आठवण ठेवून, दर अमावास्येला मोटर हाताने चालू-बंद करून बघतो, म्हणजे हात विसरत नाहीत. पाळीपाळीने दोघी जणी मावशींबरोबर उतरतात. पावसाळ्यातही.

वहीचं काम सगळ्यात अवघड गेलं. स्टार्टर मोटर चालू झाल्याचा मेसेज नोंदवलेल्या तिन्ही नंबरांना परत पाठवतो. आता ते मेसेज बघून सचिव वहीत लिहितात: तारीख, वेळ, कुणाच्या फोनवरून चालू, केव्हा बंद. पहिल्या महिन्यात वही अर्धीच भरली. लावणीच्या दिवसांत तर कोरी. मग कुणीतरी सुचवलं की गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब वाचतो तशी ही पण वही वाचायची. तेव्हापासून भरते. एकदा वाचताना रात्री अकराची एक नोंद निघाली, सगळ्या एकदम मावशींकडे बघायला लागल्या. मावशींनी शांतपणे वहीतलं पुढचं वाचलं. शिपायाचा नंबर होता. त्याच्याकडे पाहुणे होते, त्याला पाणी कमी पडलं होतं.

तुमच्या गावात सिमवाला स्टार्टर असेल, दूध केंद्रावर गार करायची टाकी मोबाईलवर दिसत असेल, पंचायतीच्या आवारात मोबाईलवर दिसणारा कॅमेरा असेल, तर बसवणाऱ्याला हे विचारा: कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणता होता आणि तो कुणी, केव्हा बदलला? अजून कुणाकुणाचे नंबर आत आहेत? कोणी केव्हा चालवलं ते कुठे दिसतं? बाहेरची लाइन काढून हाताने कसं चालवायचं? उत्तर द्यायला तो कंटाळला तर त्याला बसवून चहा द्या आणि पुन्हा विचारा. पुस्तिका मागून घ्या, ती गटाच्या कपाटात राहू द्या. त्यातले आकडे बदलायचे पान एखाद्या शिकणाऱ्या मुलीकडून मराठीत उतरवून घ्या. आमचं ते पान अकरावीतल्या एका मुलीने उतरवलं, दोन संध्याकाळी लागल्या. आणि तुमच्या मोबाईलमधून पैसेच गेले असतील तर ती गोष्ट वेगळी, त्यासाठी १९३० हा सरकारचा मदत क्रमांक आहे, तिथे लगेच फोन करायचा.

आकडा लिहून कुठे ठेवायचा, हा प्रश्न आम्हाला खूप जणींनी विचारला. डोक्यात ठेवला तर विसरतो, कागदावर ठेवला तर सापडतो. आम्ही तो कागद बंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर तिघींच्या सह्या, गटाच्या लोखंडी पेटीत ठेवला आहे, कर्जाच्या कागदांबरोबर. दर वर्षी गुढीपाडव्याला आकडा बदलतो आणि नवं पाकीट करतो. यंदाचं पाकीट बंद करताना मावशी म्हणाल्या, जुना आकडा पाठ झाला होता गं, आता परत तोंडात बसवायचा. बसवला त्यांनी, चार दिवसांत.